शेवटची तीन पावलं

सतरा वर्षांखालच्या मुलांची रग्बीची मॅच होती आणि मी रेफ्री होतो. दुसरा हाफ सुरू होऊन दहा-बारा मिनिटं झाली असतील. रकच्या, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूभोवती जुंपलेल्या खेळाडूंच्या, मागून निळ्या टीमच्या स्क्रम-हाफने, म्हणजे तिथून चेंडू बाहेर काढणाऱ्या खेळाडूने, बॉक्स किक मारली. उंच, नेटकी किक. मी मान वर केली. मैदानावरच्या मुलांनी, दोन्ही टचलाइनवरच्या माणसांनी, सगळ्यांनीच मान वर केली. चेंडू खाली यायला लागला तशी माझी नजरही त्याच्यासोबत खाली आली, आणि मला दिसलं ते एवढंच की लाल टीमचा सगळ्यात मागे उभा राहणारा फुलबॅक हवेत आहे आणि निळ्या टीमचा कडेने पळणारा विंगर त्याच्या पायांखाली घुसलाय. फुलबॅक कलंडला आणि कुशीवर आपटला. शिट्टी, पेनल्टी, पिवळं कार्ड.

विंगर माझ्यासमोर येऊन म्हणाला, "सर, मला धक्का लागला." आवाज चढवला नव्हता त्याने. मी म्हणालो, "तो हवेत होता, तू जमिनीवर होतास. दहा मिनिटं बाहेर." तो गेला. त्या दहा मिनिटांत लाल टीमने दोन ट्राय केले, म्हणजे दोनदा चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला, आणि मॅच तिथेच संपल्यात जमा झाली. फुलबॅक उठला, बरगड्या चोळत शेवटपर्यंत खेळला, हे त्यातल्या त्यात बरं.

संध्याकाळी पलीकडच्या टचलाइनवरून फोनवर घेतलेला एक व्हिडिओ माझ्याकडे आला. चेंडू सगळ्यात उंच आहे, तेव्हा लाल टीमचा मधल्या फळीतला सेंटर आपल्या फुलबॅकच्या दिशेने मागे पळतोय. पळता पळता तो एकदा खांद्यावरून मागे बघतो. मग दोन पावलं डावीकडे सरकतो. त्याची कंबर विंगरच्या मांडीला लागते. अरुंद दारातून दोघं एकदम जाताना लागावी तेवढीच. पण विंगरचं पाऊल चुकतं, तो पुढे झोकांडतो, तोल सावरायला खाली बघतो आणि मान वर करेपर्यंत फुलबॅक त्याच्या डोक्यावर असतो.

तो व्हिडिओ मी त्या रात्री पुन्हा पुन्हा पाहिला. मुलगा खरं बोलत होता. मी मात्र त्या चार सेकंदांत चेंडूकडे बघत बसलो होतो.

पुढच्या आठवड्यात सरावाच्या मैदानावर जाऊन मी त्याला आणि त्याच्या कोचला हे सांगितलं. तो बुटाची नाडी बांधत होता. "हो सर," म्हणाला, आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला लागला. त्याला माझ्या कबुलीचा काही उपयोग नव्हता. मॅच गेली ती गेली.

ज्यांनी रग्बी फारशी पाहिलेली नाही त्यांना हा सगळा प्रकार किरकोळ वाटेल. कंबर मांडीला लागली, एवढंच ना? ज्या खेळात शंभर किलोची माणसं एकमेकांवर धडकतात, तिथे कंबर लागल्याचं काय घेऊन बसलात? पण या खेळाचा कणाच मुळी असा आहे की ज्याच्या हातात चेंडू आहे त्यालाच पाडता येतं. बाकी कुणालाही अडवायचं नाही, धरायचं नाही, त्याच्या वाटेत जाणूनबुजून उभं राहायचं नाही. हा कणा काढून घेतला तर उरते ती नुसती मारामारी. आणि चेंडू हवेत असतो तेव्हा तो कुणाच्याच हातात नसतो. त्या चार सेकंदांत मैदानावरच्या कुणालाच पाडता येत नाही, आणि नेमकं तेव्हाच सगळे एकाच ठिकाणी पळत असतात.

चार सेकंद हा आकडा मी उगाच धरलेला नाही. चांगली बॉक्स किक साधारण तेवढा वेळ हवेत राहते. दोन सेकंद वर, दोन सेकंद खाली. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर चेंडू सुमारे वीस मीटर उंच जातो, म्हणजे सहा मजली इमारतीएवढा. तेवढ्या वेळात जोरात पळणारा विंगर पंचवीस-तीस मीटर अंतर कापतो. म्हणून स्क्रम-हाफ किक मारतो तीही पंचवीस मीटरच्या आसपास पडेल अशी. चेंडू आणि आपला माणूस एकाच वेळी एकाच जागी पोचला पाहिजे, हा सगळा हिशेब. उंच किक मारून तिच्यामागे धावायची ही युक्ती फार जुनी. आयर्लंडमधल्या लिमरिकच्या गॅरीओवेन क्लबने ती इतकी वापरली की त्या किकला आजही 'गॅरीओवेन' म्हणतात.

मी स्वतः दहा वर्षं फुलबॅक होतो. म्हणजे या चार सेकंदांच्या दुसऱ्या टोकाला उभा होतो. तिथून हे सगळं फार वेगळं दिसतं, खरं तर दिसतच नाही. वर चेंडू असतो, गरगर फिरणारा, वाऱ्याबरोबर थोडा सरकणारा, आणि तुम्हाला त्याच्यावरून नजर काढता येत नाही. नजर काढली की चेंडू गेला. समोरून येणारी पावलं ऐकू येतात. किती जवळ आली हे कळत नाही. पोट आत ओढलं जातं. अशा वेळी आपले दोन जण पळत मागे येतात आणि आपल्या समोर, थोडे डावी-उजवीकडे, येऊन थांबतात. भिंत उभी राहते. तिच्या मागे मी शांतपणे चेंडू झेलायचो. सरावात आम्ही ही भिंत घोटून घेतली होती. कोच म्हणायचे, "पळत या, पण घाईने येऊ नका." या वाक्याचा खरा अर्थ आम्हा सगळ्यांना कळत होता. मागून येणाऱ्या चेसरच्या, म्हणजे किकमागे धावणाऱ्याच्या, पुढे राहा आणि हळूहळू वेग कमी करा. कुणाला हात लावायचा नाही, कुणाला ढकलायचं नाही. फक्त वाटेत असायचं.

तेव्हा मला यात काही गैर वाटत नव्हतं. उलट ही माझ्या सुरक्षेची सोय आहे अशी माझी पक्की समजूत होती.

नियम काय म्हणतो? वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या नियमावलीत नववा नियम गैरखेळाचा आहे आणि त्याची सुरुवातच अडवणुकीपासून होते. दोन खेळाडू चेंडूकडे पळत असतील तर त्यांनी एकमेकांना खांद्याला खांदा लावायला हरकत नाही, बाकी ढकलाढकली नाही. प्रतिस्पर्ध्याला चेंडू खेळायची संधी जाणूनबुजून नाकारायची नाही. याला एकच अपवाद आहे. तुम्ही स्वतः चेंडू मिळवण्यासाठी झगडत असाल, तर त्या झगड्यात दुसऱ्याची संधी गेली तरी चालेल. पायाखाली जमीन नसलेल्या खेळाडूला हात लावायचा नाही. आणि किक मारून मोकळ्या झालेल्याला मुद्दाम धडकायचं किंवा अडवायचं नाही.

वाचायला सोपं आहे. सगळा घोळ होतो तो 'जाणूनबुजून' या एका शब्दापाशी.

माझा एक मित्रही रेफ्री आहे. आम्ही दोघांनी एक अख्खी रात्र एका छोट्या प्रसंगावर घालवली आहे. प्रसंग असा. हल्ला करणारा खेळाडू बचावाच्या डोक्यावरून चिप, म्हणजे छोटी हलकी किक, मारतो आणि स्वतःच तिच्यामागे पळतो. समोरचा बचावपटू गर्रकन वळतो आणि तोही चेंडूकडे पळायला लागतो. पण तो हळू आहे, आणि नेमका किक मारणाऱ्याच्या पुढे आहे. मागच्याला बाजूने जावं लागतं, त्यात एक-दोन पावलं जातात, चेंडू निसटतो. ही अडवणूक झाली का?

मित्राचं म्हणणं, नाही. तो चेंडूकडेच पळतोय. हळू पळणं हा गुन्हा नाही. मैदानावर जिथे आहे तिथून गायब होण्याची सक्ती कुणावर करता येत नाही. त्याच्या सरळ रेषेवर त्याचा हक्क आहे, मागच्याने वळसा घालावा.

हे मला पटतं. मी त्याला फक्त एवढंच विचारलं, की समज, मागचा डावीकडून जायला लागला आणि पुढचाही डावीकडे सरकला, तर? चेंडू तर सरळ समोर पडलाय. मग तो डावीकडे कुठे चाललाय?

मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग तो चेंडूकडे पळत नाहीये. माणसाकडे पळतोय."

तिथून पुढे वादाचा रोख बदलला. 'जाणूनबुजून' हे मनात शिरून बघायची गरज नाही, कारण शरीर ते बोलून दाखवतं. चेंडू मिळवायला पळणारा माणूस चेंडूकडे बघतो, त्याचे हात पळण्यासाठी हलत असतात, आणि जवळ आल्यावर त्याचा वेग वाढतो. अडवायला पळणारा मागे बघतो. त्याला चेंडू कुठे आहे याच्याशी कर्तव्य नसतं, चेसर कुठल्या खांद्यावरून येतोय हे त्याला हवं असतं. त्याची कोपरं किंचित बाहेर येतात. जागा जवळ आली की त्याचा वेग कमी होतो. आणि दोघं असतील तर ते एकमेकांपासून बरोबर एका माणसाच्या रुंदीपेक्षा कमी अंतर राखतात. हे मी सरावात शिकलोय, म्हणून सांगू शकतो.

यातली एक बाजू मात्र मित्राने सोडली नाही आणि ती मला आजही छळते. चिप मारली जाते तेव्हा समोरचा बचावपटू अनेकदा टॅकलसाठी आधीच झेपावलेला असतो. चेंडू पायावरून सुटला त्या क्षणी त्याचे पाय जमिनीवरून सुटलेले असतात. तो थांबू शकत नाही. आता झाली टक्कर तर दोष कुणाचा? इथे रेफ्रीने विचारायचा प्रश्न एकच: त्याला थांबता आलं असतं का? पाव सेकंदाचा निर्णय आहे हा. टक्कर दोषी ठरली तर किक मारणाऱ्या टीमला पेनल्टी चेंडू जिथे पडला तिथे घेता येते, म्हणजे कधीकधी चाळीस मीटर पुढे. आणि ट्राय बहुतेक झालाच असता असं रेफ्रीला वाटलं तर पेनल्टी ट्राय, सरळ सात गुण, शिवाय अडवणाऱ्याला कार्ड. एका पाव सेकंदावर मॅच फिरते. मी असे निर्णय दिलेत, आणि त्यातले काही चुकीचे होते हे मला माहीत आहे.

पण माझा खरा विषय उंच किकचा. तिथे वाट अडवण्याचं माप वेगळं आहे, आणि ते समजायला चेसर व्हावं लागतं. फुलबॅक असताना ते मला कधी कळलं नाही. रेफ्री झाल्यावर एका क्लबच्या सरावात सहज म्हणून विंगर मुलांबरोबर चेसचे दहा-बारा राउंड पळालो, तेव्हा कळलं.

हवेत चेंडूसाठी झेपावायचं असेल तर शेवटची तीन पावलं ठरलेली असतात. एक लांब, एक त्याहून लांब, आणि मग आखूड, ज्यावर टाच रोवून गुडघा वर घ्यायचा आणि उडायचं. उंच उडी मारणाऱ्याची असते तशीच लय. फरक एवढाच की उंच उडी मारणाऱ्याची आडवी दांडी जागेवर असते आणि इथे दांडी आकाशातून खाली पडत असते. ती तीन पावलं मोकळी मिळाली तर तुम्ही उडता. हवेत दोघं एकाच वेळी असतात, दोघांचे हात चेंडूवर, दोघांचे पाय वर, आणि मग जे होईल ती खरी झुंज. त्यातलं एक पाऊल कुणी चोरलं तर तुम्ही उडतच नाही. पण वेग तर असतो. तो जातो कुठे? तुम्ही जमिनीवरूनच, पूर्ण वेगात, उडालेल्या माणसाच्या पायांखाली शिरता.

म्हणजे चेसरला थांबवायची गरजच नसते. एक पाऊल चोरलं की काम होतं. आणि ते चोरलेलं पाऊल फुलबॅकच्या मानेवर येऊन पडतं.

दहा वर्षं ज्या भिंतीला मी माझी ढाल समजत होतो, तीच माझ्या अंगावर आंधळी माणसं सोडत होती, हे कळायला मला दुसऱ्या बाजूने बारा वेळा पळावं लागलं.

हे मोठ्या मैदानावर सगळ्या जगासमोर घडलंय. १६ जून २०१८, वेलिंग्टन. न्यूझीलंड आणि फ्रान्स यांच्या मालिकेतली दुसरी टेस्ट. सामना अजून तापायचा होता. फ्रान्सचा बेंजामिन फाल उंच चेंडूवर डोळे ठेवून पळत आला, समोर बोडेन बॅरेट हवेत झेपावला, आणि फाल त्याच्याखाली घुसला. बॅरेट उलटा होऊन डोक्या-मानेवर पडला. त्याला मैदान सोडावं लागलं. रेफ्री अँगस गार्डनर यांनी फालला लाल कार्ड दिलं. फ्रान्स उरलेला जवळजवळ सगळा सामना चौदा जणांत खेळला आणि २६-१३ असा हरला.

नंतर शिस्तपालन सुनावणीत ते लाल कार्ड रद्द झालं. कारण रिप्लेमध्ये दिसलं की उडीच्या आधी न्यूझीलंडच्या अँटन लीनर्ट-ब्राऊनशी फालचा स्पर्श झाला होता आणि त्याने फालची धावण्याची रेषाच बदलली होती. कार्ड पुसलं, निकाल तसाच राहिला. बॅरेटचं पडणंही तसंच राहिलं.

त्या प्रसंगावर गार्डनर यांना बोल लावणारे बरेच भेटले. मला गार्डनर यांच्याबद्दल वाईटच वाटत आलंय. हवेतल्या टकरीसाठी रेफ्रींना दिलेल्या पायऱ्या तेव्हा स्पष्ट होत्या: दोघांना चेंडू मिळण्याची खरी शक्यता असेल तर खेळ चालू, नुसती वेळ चुकली असेल तर पेनल्टी, झुंजच नसेल आणि माणूस पाठीवर किंवा कुशीवर पडला तर पिवळं, डोक्यावर, मानेवर, खांद्यावर पडला तर लाल. या पायऱ्या टक्कर झाल्यानंतर सुरू होतात. टकरीच्या आधीच्या तीन पावलांबद्दल त्या काही विचारत नाहीत. गार्डनर यांनी त्यांना दिलेल्या पायऱ्या पाळल्या. मीही माझ्या त्या मॅचमध्ये तेच केलं, फक्त माझ्यासमोर बॅरेट नव्हता, सतरा वर्षांखालचा एक मुलगा होता.

आणि तरीही 'मी चेंडूकडे बघत होतो' एवढं म्हटलं की चेसर सुटतो, असं मी म्हणणार नाही. एप्रिल २०१४ मध्ये बेलफास्टला युरोपातल्या क्लबांच्या हायनकेन कपच्या उपांत्यपूर्व सामन्यात अल्स्टरचा जॅरेड पेन सामना सुरू होताच लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. तो चेंडूकडेच बघत धावत होता, उडालेल्या ॲलेक्स गुडकडे त्याने पाहिलंच नाही. अल्स्टर चौदा जणांनिशी लढलं आणि सॅरेसन्सकडून १५-१७ असं दोन गुणांनी हरलं. लोक आजही त्यावर भांडतात. माझं मत असं की कार्डाचा रंग काहीही असो, जबाबदारी पेनचीच होती. समोरचा माणूस उडणार आहे हे माहीत असणं हे चेसरचं कर्तव्य आहे. पण मग त्याला समोरचा माणूस दिसला तर पाहिजे. दोन पाठी मधे उभ्या करायच्या आणि वर 'तुला दिसायला हवं होतं' म्हणायचं, हा अन्याय आहे.

२०२४ मध्ये नियम सांभाळणाऱ्यांनी या बाजूला दोनदा हात घातला. जुलैपासून ऑफसाइडची एक पळवाट बंद झाली. पूर्वी विरुद्ध टीमच्या माणसाने चेंडू झेलून पाच मीटर पळालं किंवा पास केला की किक मारणाऱ्याच्या पुढे थांबलेले, म्हणून ऑफसाइड ठरलेले, खेळाडू आपोआप खेळात येत. त्यामुळे माणसं मैदानाच्या मधोमध नुसती उभी राहायची आणि दोन्ही टीमचे फुलबॅक एकमेकांकडे किका मारत बसायचे. फ्रान्सच्या अंत्वान ड्युपाँने याचा चतुराईने फायदा घेतला म्हणून लोक या पळवाटेला त्याच्याच नावाने ओळखायला लागले होते. आता ऑफसाइड खेळाडूंना मागे हटायचा प्रयत्न करावाच लागतो. मग नोव्हेंबरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून रेफ्रींना सांगण्यात आलं की एस्कॉर्टकडे, म्हणजे याच भिंतीकडे, कडक नजरेने बघा. चेसरला चेंडूपर्यंतची वाट मिळाली पाहिजे. नियमाचं एक अक्षरही बदललं नव्हतं. जे लिहिलेलं होतं तेच पाळायचं ठरलं.

परिणाम लगेच दिसला. वाट मोकळी झाल्यावर टीमनी आणखी उंच किका मारायला सुरुवात केली, उंच उडणाऱ्या विंगरांचा भाव वाढला, आणि हवेत चेंडू झेलण्याऐवजी एका हाताने मागे टोलवायची पद्धत रूढ झाली. २०२५ च्या सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेत हाच मोठा चर्चेचा विषय होता. टीका करणारे म्हणाले, खेळ लॉटरी झाला. चेंडू टोलवला जातो, कुठेही उडतो, कुणाच्या तरी हाताला लागून पुढे पडतो, नॉक-ऑन, मग दोन्ही टीम जुंपून खेळ पुन्हा सुरू करायचा स्क्रम, मग दोन मिनिटं सगळे उभे. या टीकेत तथ्य आहे. मी बघितलेल्या काही सामन्यांत लागोपाठच्या तीन-चार किकांमधून खेळाचा एक धड तुकडा निघाला नाही. हवेत आता जास्त माणसं एकत्र असतात हेही खरं. पण ती एकमेकांना बघत वर जातात, आणि माझ्या लेखी हा फरक फार मोठा आहे. छातीला छाती भिडून दोघं खाली येणं वेगळं आणि पायाखालून कुणी निघून गेल्यावर एकट्याने मानेवर येणं वेगळं. पहिलं मी अनुभवलंय, बरगड्या दुखतात. दुसरंही एकदा अनुभवलंय. त्यानंतर तीन आठवडे मला मान वळवून मागे बघता येत नव्हतं.

दुसऱ्या खेळांनी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलाय. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये चेंडूपासून पाच मीटरच्या आत आपल्या माणसासाठी वाट अडवायला चक्क परवानगी आहे, तिथे ती एक कला मानली जाते. अमेरिकन फुटबॉलमध्ये झेलणारा हात वर हलवून 'मला नुसता झेल घेऊ द्या' अशी खूण करू शकतो, मग त्याला कुणी शिवत नाही. रग्बीतही आपल्या गोलरेषेपासून २२ मीटरच्या आत चेंडू स्वच्छ झेलून 'मार्क' ओरडलं की खेळ थांबतो. पण त्या रेषेच्या बाहेर रग्बीने झेलणाऱ्याला फक्त हवा दिली आहे: जोवर तू हवेत आहेस तोवर तुला हात लागणार नाही. मला ही व्यवस्था आवडते. तिच्यात धाडसाला किंमत आहे. जो आधी आणि उंच उडेल त्याला संरक्षण. पण मग उडायची संधी दोघांनाही हवी.

आता मी बॉक्स किकच्या वेळी चेंडूकडे बघत नाही. हे सांगायला सोपं आणि करायला फार कठीण आहे. चेंडू पायावरून सुटला की मान आपोआप वर जाते, ती जन्माची सवय आहे. मी स्क्रम-हाफचा पाय बघतो, किक किती उंच जाणार याचा अंदाज बांधतो, आणि मग पुढची तीन सेकंदं जमिनीवर बघत पळतो. पाठी बघतो, कोपरं बघतो, कोण खांद्यावरून मागे बघतंय ते बघतो. शेवटच्या सेकंदाला वर. सुरुवातीला दोन-तीन मॅचमध्ये चेंडू कुठे पडला हेच मला कळलं नाही आणि खेळाडू माझ्याकडे विचित्र नजरेने बघायला लागले. आता जमतं.

परवाच्या एका मॅचमध्ये मी असाच जमिनीवर बघत होतो आणि मागे येणारा एक सेंटर मला दिसला. त्याने एकदा वळून पाहिलं, पावलं आखूड केली, आणि चेसरच्या रेषेत आला. टक्कर झाली नाही. फुलबॅकने चेंडू आरामात झेलला. मी शिट्टी मारली. बॉक्स किक मारणाऱ्या टीमला पेनल्टी. सेंटरचा चेहरा उतरला. तो सोळा-सतराचा असेल. तो मला म्हणाला, "सर, मी कुणाला शिवलोसुद्धा नाही." मग थोड्या वेळाने, स्क्रम लागत असताना, हळूच, "मग मी जायचं कुठे?"

स्क्रमच्या वेळी उत्तर द्यायला सवड नव्हती. पण प्रश्न बरोबर होता. मागे तर त्याला यायचंच आहे. चेंडू त्याच्या टीमच्या माणसाकडे चाललाय, तो पडला तर उचलायला, टॅकल झाला तर रकला कुणीतरी हवं. रेफ्री नुसतं 'इथे नको' म्हणून मोकळा होतो आणि पोरगं त्या 'इथे'मध्येच पळत असतं.

मॅच संपल्यावर मी त्याला थांबायला सांगितलं. त्यांचा फुलबॅकही थांबला. मी चेसरच्या जागेवर उभा राहिलो. त्याला म्हटलं, "तू पळ, पण मला शोधायचं नाही. फुलबॅकच्या पाठीमागे एक जागा धर, पाचेक पावलं मागे, आणि सरळ तिथे जा. चेंडू टोलवला गेला तर तिथेच येणार आहे." फुलबॅकने चेंडू वर फेकला. पहिल्यांदा तो पळाला आणि सवयीने मागे बघितलं, आणि मी त्याच्या पाठीवर जाऊन आदळलो. दुसऱ्यांदा मागे बघितलं नाही, पण वेग कमी केला. "का थांबलास?" तो म्हणाला, "माहीत नाही सर, पाय थांबले." मी त्याला सांगितलं की माझेही थांबायचे. तिसऱ्यांदा तो माझ्या उजवीकडून हातभर अंतरावरून गेला, न थांबता, आणि मी माझी तीन पावलं टाकून उडालो. या वयात जेवढं उडता येतं तेवढं. चेंडू माझ्या बोटांना लागून फुलबॅकच्या डोक्यावरून मागे गेला, आणि तो मुलगा तिथे उभा होता. चेंडू थेट त्याच्या छातीवर आला.

त्याने तो दोन्ही हातांनी धरला, चिखल पुसला आणि फुलबॅककडे परत फेकला. "अजून एकदा," म्हणाला.